चारही चाकें फिरेनात तेव्हां

घाटाची चढण लागली कीं पूर्वीचा गाडीवान पायथ्याशीं थांबे, भरल्या गाडीला बैलांची आणखी एक जोडी जुंपी, आणि माथा गांठतांच ती सोडून देई. सपाट रस्त्यावर त्या जोडीचा उपयोग तर नसेच, उलट वळणावर तिची अडचणच होई. पाठीमागें उघडा हौदा असलेली जी मोटार पिक-अप या नांवानें ओळखली जाते, तिच्यांतील चारही चाकांना जोर पुरविण्याची योजना बहुधा याच जातीची असते. एरवीं इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांनाच मिळतो. चिखल, वाळू किंवा बर्फ आडवा आला म्हणजे चालकानें दांडा ओढावयाचा अथवा बटण दाबावयाचें, आणि पुढचीं चाकेंही कामाला लावावयाचीं. अमेरिकेंतील मिशिगन किंवा मिनेसोटा यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यामध्यें ही दुसरी जोडी ऐन वेळीं जुंपली गेली नाहीं, तर माणूस घरापासून दूर, गोठविणाऱ्या थंडींत, निर्जन रस्त्यावर अडकून पडतो. तेथें हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं.

असा बिघाड झाला कीं मालकाच्या मनांत प्रथम येतें तें दांतेरी चक्रें मोडल्याचें भय, आणि त्याच्या पाठोपाठ कारखानदाराच्या बिलाचें. हें भय पुष्कळदां अनाठायीं असतें. पोलादी चक्रें सहसा मोडत नाहींत. निकामी होतें तें त्यांना हुकूम पोंचविणारें साधन. एखादी रबरी नळी, एखादी तार, एखादा लहानसा स्विच. हुकूम कोठें अडला याचा तपास न करतां यंत्र उघडणें म्हणजे दिवा लागेना म्हणून भिंत फोडण्यासारखें आहे.

रचना समजली म्हणजे तपास सोपा होतो. गिअरच्या पेटीमागें ट्रान्सफर केस नांवाची दुसरी पेटी असते. तिच्यांतून एक फिरता दांडा मागच्या आंसाकडे आणि दुसरा पुढच्या आंसाकडे जातो. चालकानें हुकूम दिला कीं हे दोन्ही दांडे एकमेकांशीं जखडले जातात. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. पुढच्या आंसांत, किंवा कांहीं गाड्यांत प्रत्यक्ष चाकाशींच, आणखी एक सांधा सोडून ठेवलेला असतो, तोही जुळावा लागतो. म्हणजे जुळणी दोन ठिकाणीं व्हावयाची, आणि दोहोंपैकीं एक जरी चुकली तरी पुढचीं चाकें आपल्या जागीं स्वस्थ.

कांहीं तक्रारी मुळांत बिघाडच नव्हेत. कोरड्या, डांबरी रस्त्यावर चारही चाकें जोडून वळण घेतलें तर सुकाणूं जड होतें, गाडी अडखळते, आणि मागाहून दांडा पूर्वस्थळीं येतां येत नाहीं. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यांना अधिक फेरे हवे असतात. दोन्ही दांडे तर जखडलेले. बर्फावर चाक थोडें घसरून हा फरक भरून काढतें, कोरड्या रस्त्यावर घसरण्यास वाव नाहीं, आणि ताण यंत्रांत साठतो. सरळ रेषेंत गाडी थोडी मागें घेतली कीं तो बहुधा सुटतो. दुसरी तक्रार अशी कीं चारही चाकें जोडलीं असतांना दोनच गरगर फिरतात. याचा दोष डिफरन्शिअलच्या स्वभावाकडे जातो. ज्या चाकाला पकड कमी, तेंच फिरण्याची मुभा तो देतो. त्यामुळें निसरड्यावर पुढचें एक आणि मागचें एक एवढींच फिरतांना दिसतात. पुढचें एकही फिरत नसेल, तरच तपासाला आरंभ करावा.

या तपासाच्या दृष्टीनें 1994 ते 2004 या काळांतील शेव्हरोलेची एस-10 ही गाडी फार बोलकी आहे. मऊ जमिनीवर पुढची जोडी जुळविण्याचा हुकूम देऊन गाडी कांहीं हात पुढें न्यावी. मग ती सपाट जागीं उभी करून गिअर ‘पार्क’वर ठेवावा, हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांखालीं दगड लावावे आणि इंजिन बंद करावें. लगेच पुढचें उजवें चाक जॅकनें उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, हातानें फिरवून पाहावें. तें जागचें हललें नाहीं, तर जुळणी झालेली आहे. सहज फिरलें, तर पुढच्या आंसाकडे जाणारा दांडा हातानें फिरवावा. तोही फिरला, तर दोष ट्रान्सफर केसच्या बाजूस. तो घट्ट असेल, तर ती पेटी निर्दोष, आणि दोष आंसांतील सांध्याचा. दांडा फिरवितांना गाडीच्या पोटाखालीं संपूर्ण शरीर घालण्याचें कारण नाहीं, आणि केवळ जॅकच्या भरंवशावर तर हातही घालूं नये.

एस-10 मध्यें दोष बहुधा आंसाकडे निघतो, आणि त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. ट्रान्सफर केसवर एक छोटा व्हॅक्यूम-स्विच बसविलेला असतो. इंजिन हवा ओढतें तेव्हां जी पोकळी उत्पन्न होते, ती या स्विचमधून बॅटरीच्या तबकाखालील एका डबीपर्यंत जाते. डबींतील पडदा एक तारदोर ओढतो, आणि तो दोर आंसांतील सांधा जुळवितो. बॅटरीचें आम्ल ठिबकून ती डबी खाल्ली जाते. स्विचचें सील झिजलें, तर ट्रान्सफर केसमधील तेलच नळ्यांतून वर ओढलें जातें आणि उष्ण हवेच्या नियंत्रकापर्यंत पोंचतें. मग मालक हीटरची तक्रार एकीकडे आणि चाकांची दुसरीकडे घेऊन जातो. दोहोंचें मूळ एकच, ही शंकाही त्याला येत नाहीं. नळी काढून आंत तेलाचा ओलावा दिसला, तर स्विच बदलावा आणि पेटींतील तेलाची पातळी पाहावी. डबी फुटली असेल, तर अडल्या वेळीं तो दोर हातानें ओढून अडकवूनही गाडी बर्फांतून बाहेर काढतां येते.

2004 नंतरच्या फोर्ड एफ-150 मध्यें हाच न्याय उलटा आहे, आणि उलटा आहे म्हणूनच तो ध्यानीं ठेवावा. तेथें सांधा चाकाशींच असून पोकळीच्या बळानें तो सुटा ठेवलेला असतो. पोकळी गेली कीं स्प्रिंग त्याला जुळविते. नळीला चीर पडली, तर सांधा ना धड सुटा ना धड जुळलेला, अशा अवस्थेंत दांतांवर दांत घासतात. दोनच चाकांवर जातांना, विशेषतः वेग वाढवितांना, पुढच्या चाकाशीं खरखर ऐकूं येते. कारण तेव्हां इंजिनाची पोकळीही ओसरते. मऊ जमिनीवर चारही चाकें जोडतांच तो आवाज थांबला, तर संशय जवळजवळ पक्का होतो. घड्याळ असलेल्या हातपंपानें नळींत सुमारें 15 इंच पाऱ्याइतकी पोकळी करावी आणि कांटा मिनिटभर स्थिर राहतो कीं उतरतो, तें पाहावें. आवाज फार दिवस चालूं दिला तर मात्र दांत खरोखरच झिजतात, आणि नळीच्या किंमतीचें काम चाकाच्या सांध्यावर जातें.

बटणाच्या गाड्यांत बॅटरी, फ्यूज आणि ट्रान्सफर केसवरील छोटी मोटर हींच प्रथम तपासावयाचीं. कित्येक गाड्या सर्वांत मंद गिअर घेण्यासाठीं गाडी थांबलेली किंवा जेमतेम चालती आणि गिअर न्यूट्रलवर असल्याखेरीज हुकूमच मानीत नाहींत. फलकावरील दिव्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. पुष्कळ गाड्यांत तो फक्त ट्रान्सफर केसची बातमी देतो, चाकांची नव्हे.

वर्षभर न वापरलेला सांधा गंजून किंवा वंगणाअभावीं आंखडून बसतो. टोयोटाच्या टॅकोमा गाडीच्या पुस्तिकेंत दर महिन्यास निदान 16 किलोमीटर पुढचीं चाकें जोडून चालविण्याची सूचना असते, ती याचसाठीं. ओला किंवा कच्चा रस्ता साधून ती पाळावी.

एवढें सारें पाहून नळ्या, तारा आणि स्विच निर्दोष ठरले, दोन्ही सांधे जुळतात हेंही दिसलें, आणि तरीही चढणीवर जोर देतांच गाडीच्या मध्यभागांतून धपकन् उडी मारल्यासारखा आवाज होत असेल, तर ट्रान्सफर केसमधील साखळी ताणून दांतांवरून निसटत असण्याचा संभव फार. ती पेटी मात्र उघडावीच लागते, आणि तें काम घरच्या अंगणांतलें नव्हे.