कुजलेल्या मतांचा हिशेब

(बुटीबोरी इथल्या बैठकीतलं भाषण)



पाळी सुटून आलेल्या पोरांना पुढं जागा द्या. आज मी हॉलंडच्या निवडणुकीवर बोलणार आहे. मागं कोणीतरी हसलं. हसा. इथं ठेकेदारानं पगार लटकवलाय नि हा गडी हॉलंड सांगतो!

पण आधी भंडारा. इथून लांब नाही. 1954 ची पोटनिवडणूक. मतदारसंघ एक, जागा दोन; एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. बाबासाहेब उभे. सांगतात की कार्यकर्ते म्हणाले, एक मत बाबासाहेबांना द्या नि दुसरं कुजवा, म्हणजे दुसऱ्या कुणाची बेरीज आपल्या हातानं वाढायची नाही. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. घटनेचा मसुदा करणाऱ्यानं मतं कुजवायला सांगायचं? निकाल लागला. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांना, राखीव काँग्रेसच्या बोरकरांना. 1952 ला मुंबईत काजरोळकर, 1954 ला भंडाऱ्यात बोरकर. बाबासाहेब लोकसभेवर कधीच निवडून गेले नाहीत.

आपण कुजवली नाहीत तरी ही पद्धतच मतं कुजवते. 2014 ला बसपाला देशभरात सव्वादोन कोटींवर मतं पडली. चार टक्क्यांवर. मतांच्या हिशेबानं देशातला तिसरा पक्ष. नि खासदार? भोपळा! जिथं तिथं पहिला येईल तो सगळं घेऊन जातो, बाकीच्यांची मतं उकिरड्यावर.

हॉलंडात सगळा देश मिळून हिशेब होतो. जागा 150. शंभरात पाऊण मताहून कमी मिळालं तरी एक खासदार. चार टक्क्यांना सहा. आपल्या 543 मध्ये तोच हिशेब लावा, विसाच्या वर जातात. तिथं जनावरांच्या हक्कासाठी एक पक्ष आहे, तोही 2006 पासून संसदेत बसतो. जनावरांचा!

तो स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. 2021 ला निवडणूक झाल्यावर सरकार बसायला 299 दिवस लागले. 2023 ला मुसलमानांचा द्वेष करणारा विल्डर्सचा पक्ष 37 जागा घेऊन पहिला आला. चाळणी बारीक असली की खडेही मोजले जातात. पण आपले दाणे तरी मोजले जातील की नाही?

आता आपलं रामटेक. 2009 पासून राखीव. उमेदवार आपल्यातला, तिकीट मात्र त्यांच्या खिशातलं. 1932 च्या पुणे करारापासून हेच चाललंय. ज्याला निवडून यायचंय त्याला आपल्यापेक्षा तिकीट देणाऱ्याची मर्जी जास्त सांभाळावी लागते. मग ठेकेदाराविरुद्ध तो लोकसभेत तोंड उघडेल?

मग बहिष्कार टाकायचा का? 1974 ला मुंबईतल्या पोटनिवडणुकीवर पँथरनं टाकला. काँग्रेस पडली, कम्युनिस्ट रोझा देशपांडे आल्या. आपली ताकद दिसली, पण खासदार आपला झाला नाही. म्हणून मी म्हणतो, मतं मोजायची रीत बदला ही मागणी करा. राखीव जागा राहू द्या, त्यावर ही मागणी.

आता विचारा. हॉलंडवर नाही विचारलं तरी चालेल, रामटेकवर विचारा.