तुरुंगातील साथ आणि कायदा



साथ आली की मोकळा माणूस गर्दी टाळतो, दार लावून घेतो. बंदिवानाला ते शक्य नसते. म्हणूनच त्याच्या आरोग्याची जबाबदारी शासनावर येते, असे मी मानतो. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही साथीच्या वेळी कैद्यांना तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवण्याची तरतूद होती. १८९७ मध्ये मुंबईच्या भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना आपली लस टोचली. लसीचा गुण दिसला; परंतु कुलपाआडची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न उरलाच.

तुरुंगाच्या दाराशी मूलभूत अधिकार संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बात्रा खटल्यात स्पष्ट केले. करोनाच्या साथीत, २३ मार्च २०२० रोजी, कोणत्या कैद्यांना पॅरोल वा तात्पुरता जामीन द्यावा हे ठरविण्यासाठी त्याच न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमण्याचा आदेश दिला.

कर्तव्य बंदिवानालाही आहे: त्याने लक्षणे लपवू नयेत, विलगीकरण पाळावे. मात्र विलगीकरणाला शिक्षेचे रूप येऊ नये. न्यायालय कैद सुनावते, क्षय किंवा प्लेग सुनावत नाही. आणि कच्च्या कैद्याचा तर गुन्हाही अद्याप सिद्ध झालेला नसतो. एवढे भान आपण नागरिकांनी राखावे, अशी विनंती आहे.