सुटलेल्या दारूला सोबत हवी
(व्यसनमुक्तीविषयक व्याख्यानाचा संपादित भाग)



१९३५ सालच्या मे महिन्यातील प्रसंग आहे. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उमेदवारी केलेला बिल विल्सन नावाचा गृहस्थ एका व्यवहारासाठी अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी गेला होता. व्यवहार फिसकटला. खिशात पैसा नाही आणि गाव परके. पाच महिन्यांपूर्वी मोठ्या कष्टाने त्याने दारू सोडली होती. हॉटेलच्या दालनात एकीकडे मद्यगृह होते, दुसरीकडे दूरध्वनी. तो दूरध्वनीकडे वळला. गावातील धर्मोपदेशकांच्या यादीतील क्रमांक फिरवून त्याने एकच विचारणा केली, की आपल्यासारखा एखादा दारुडा भेटेल काय? त्यातून त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. पाव तास बसू म्हणून भेटलेले ते दोघे कित्येक तास बोलत राहिले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या दारूचा शेवटचा दिवस आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या जगभर पसरलेल्या मेळ्याचा पहिला दिवस मानला जातो. विल्सन डॉक्टरांचा उद्धार करावयास गेला नव्हता. तो स्वतः बुडू नये म्हणून गेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात हाच धागा पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने हाती घेतला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. गर्दच्या विळख्यावरील अवचटांचे लेखन वाचून अस्वस्थ झालेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई या कार्यामागे उभे राहिले. तेथील अनेक कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. पिणाऱ्याची लबाडी त्यांना सांगावी लागत नाही. ती सारी त्यांनी कधीकाळी स्वतः केलेली असते.

आता नांदेड-लातूरकडे वळू. येथला माणूस पुण्याला जातो, महिना-सव्वा महिना राहतो, अंगावर तजेला घेऊन परततो. गावात बसमधून उतरताच जुना सोबती हाक मारतो, ‘काय तात्या, दिसला नाहीस बरेच दिवस!’ खरी परीक्षा त्या हाकेपासून सुरू होते. लोहा किंवा अहमदपूरच्या माणसाने दर आठवड्याला पुणे गाठावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सोबत जवळच हवी. पण जवळ म्हटले की लाज आडवी येते. मोंढ्यात ज्याची पत आहे, शाळेत ज्याला गुरुजी म्हणतात, त्याला ओळखीच्या माणसाने त्या खोलीत शिरताना पाहिले तर? गंमत अशी, की त्याची दारू साऱ्या गावाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते त्याचे सुटण्याचे प्रयत्न, आणि नेमके तेच त्याला लपवावेसे वाटतात!

या संकोचावर मेळाव्याने उपाय योजलेला आहे. तेथे आडनाव विचारत नाहीत, नोंदवही ठेवत नाहीत, शुल्क घेत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. खर्च आपसांतील ऐच्छिक वर्गणीतून भागतो. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मधेच तोडून सल्ला देण्याची पद्धत नाही. ‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ कोणी घेत नाही. केवळ आजचा दिवस, एवढाच संकल्प. ईश्वराचा आधार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. गळ्यात तुळशीची माळ पडली की हातातील पेला सुटतो, हे मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. पण माळकऱ्यालाही दिंडी लागतेच.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरतात, काहींना झटके येतात, भास होतात. क्वचित प्राणावरही बेतते. अशा वेळी घरात कोंडून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. आधी वैद्यकीय उपचार, मग मेळावा. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील मानसोपचार विभागात विचारणा करावी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्या भाजीत कालवू नयेत. त्यात काय असते हे कालवणाऱ्या माउलीला माहीत नसते, आणि दारू उलटवणारे औषध रुग्णाच्या नकळत देणे जिवावर बेतू शकते.

मेळावा शोधायचा कसा? मानसोपचार विभागातील समुपदेशकाला आपल्या भागातील बैठकीचा वार आणि जागा विचारावी. शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’ १४४१६ वर मराठीतही बोलते. बैठक दूर असेल तर? अ‍ॅक्रनला दोघेच होते. वापरात नसलेली एक खोली, ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि सोडू इच्छिणारी दोन माणसे एवढ्यावर आरंभ होतो. गावातील सज्जनांनी खोलीची किल्ली द्यावी आणि बाहेरच राहावे. आत जाऊन प्रबोधन करू नये. हा मोह आवरणे कार्यकर्त्यांना फार जड जाते.

आणि घरची लक्ष्मी? ‘आमचे मालक तसे स्वभावाने चांगले आहेत’ असे म्हणत ती उधारी फेडते, कामावर आजारपणाचा निरोप धाडते, मुलांपासून बाटली लपवते. झाकता झाकता तीच आजारी पडते. मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविला तो याकरिताच. पाश्चात्त्य देशांतही कुटुंबीयांसाठी ‘अल्‌-अनॉन’ हा स्वतंत्र मेळावा १९५१ पासून आहे. नवरा पिणे सोडो वा न सोडो, पत्नीला तेथे जाता येते. कित्येक घरांत आधी तीच जाऊ लागते. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ती पदर सावरून कोठे निघते आणि परतल्यावर पूर्वीसारखी भांडत का नाही, या कोड्याने पती अस्वस्थ होतो. मग एके दिवशी तो चपला घालता घालता विचारतो, ‘तिथं पुरुषांचंबी बसतंय का?’