सुप्पांडीचे चित्रकार

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संत, शाहीर आणि नाटककार यांच्याविषयी आपण येथे पुष्कळ ऐकले. मला आज एका चित्रकाराविषयी बोलावयाचे आहे. राम वाईरकर हे नाव अनेकांना अपरिचित वाटेल. परंतु त्यांची रेषा आपल्या घराघरांत वावरलेली आहे.

'अमर चित्र कथे'चा उगम आपल्या या शहराशी निगडित आहे. १९६५च्या सुमारास बंगळुरातून परदेशी परीकथांची दहा चित्रपुस्तके कन्नडमध्ये निघाली. पुढे कारकळला जन्मलेल्या अनंत पै यांनी माला भारतीय कथांकडे वळविली, आणि अकरावे पुस्तक निघाले ते 'कृष्ण'. संहिता पै यांची, चित्रे वाईरकरांची. लेखक 'यमुनेला पूर आला' एवढे लिहून मोकळा होतो. चित्रकाराला मात्र ते पाणी, वसुदेवाचे भिजलेले वस्त्र, मस्तकावरील टोपली, सारे काढावेच लागते. शिवाय कोणत्या क्षणी चौकट थांबवावी, हेही ठरवावे लागते. कृष्ण म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे जो येतो, तो पुष्कळ अंशी या चौकटींतला.

१९८० मध्ये 'टिंकल' निघाले आणि १९८३ मध्ये त्यात सुप्पांडी अवतरला. कथा तमिळ प्रांतातली, तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने धाडलेली. ते निमुळते डोके आणि तो निरागस आत्मविश्वास वाईरकरांचा. आज्ञा शब्दशः पाळून घोटाळा करणारा हा नोकर आम्हां सरकारी मंडळींना मुळीच परका वाटत नाही! त्याच मासिकात शिकारी शंभू वसंत हळबे यांनी, तर तंत्री अशोक डोंगरे यांनी रेखाटला.

माझी मुले बदल्यांच्या गावी, केंद्रीय विद्यालयांत शिकली. मराठी ती अडखळत वाचतात, आणि त्याचे दुःख मला आहे. तथापि इंग्रजीत हसताना ती एका मराठी माणसाच्या हातावर हसत होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मीही नाही, कारण चित्रकाराचे बारीक अक्षरांतले नाव आम्ही वाचतच नसू.

वाईरकर २००३ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे सुप्पांडी त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी रेखाटला. या माला मराठीतही निघाल्या आहेत; त्या आपल्या ग्रंथालयात घ्याव्यात. आपल्या नोंदवहीत लेखकासाठी रकाना आहे, चित्रकारासाठी नाही. तो आखून घ्यावा, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.