वीस मिनिटांचं जेवण

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

आजचा विषय ‘स्त्रिया आणि श्रम’ असा आहे. मी मात्र सुरुवात एका पाककृतीनं करणार आहे. हसू नका. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत श्रमविभागणीवर मी पानंच्या पानं लिहिली. पण तो धडा मला खरा कळला तो एका पातेल्यापाशी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुरबाडची बैठक आटपून सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्यानं मी शहापूरला खोलीवर परतत होते. रस्त्याच्या कडेला दोघीतिघी बाया सागाच्या पानांत अळंबी बांधून बसल्या होत्या. दोन पुड्या घेतल्या. घरी पोचायला आठ वाजले. भाकरी थापायचं त्राण नव्हतं. डब्यात पास्त्याचं पाकीट होतं, भाचरं आली तेव्हा आणलेली सोया सॉसची बाटली होती. म्हटलं, हेच करू.

एका शेगडीवर मीठ घालून पाणी उकळत ठेवलं, त्यात पास्ता टाकला. दुसऱ्या शेगडीवर तेलात ठेचलेला लसूण, आलं आणि दोन हिरव्या मिरच्या. अळंबी तीनचार पाण्यांनी धुऊन, मुळाची माती काढून, हातानं फाडून मोठ्या आचेवर परतली. तिला पाणी सुटलं, ते आटेपर्यंत आणि पुढंही चांगली शिजू दिली. मग दोन चमचे सोया सॉस. तो खारट असतो, म्हणून वर मीठ नाही. शिजलेला पास्ता, पळीभर त्याचंच पाणी, वरून कांद्याची पात आणि लिंबू. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीचा वास आणि आपल्या रानाची चव. घड्याळ बघितलं, वीस मिनिटं!

पुढच्या आठवड्यात शहापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीत गटाची बैठक होती. मी मोठ्या कौतुकानं हे सांगितलं. नोकरी करणाऱ्या बाईनं असं झटपट करावं, वेळ वाचवावा, वगैरे. सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. मग एक मावशी म्हणाल्या, “पास्त्याचं पाणी काय केलं?” मी म्हटलं, “ओतून दिलं.” “ओतून दिलं?” त्यांनी असं विचारलं की मला खाली बघावं लागलं. भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि चैत्र-वैशाखात इथल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसतात. भाताची पेजसुद्धा जिथं कुणी वाया घालवत नाही, तिथं मी पातेलंभर पाणी मोरीत ओतल्याचं सांगत होते.

मग त्याच मावशी म्हणाल्या, “ताई, तुमचं जेवण वीस मिनिटांत झालं. पण ती अळंबी पहाटेपासून चालत होती.”

त्या दिवशी ठरलेला विषय आम्ही बाजूला ठेवला आणि खडे मांडले. एका तासाला एक खडा. अळंबीला जाणारी बाई पहाटे अंधारात उठते. पावसात डोंगर चढते. कुठल्या वारुळाशी कधी अळंबी फुटते, हे तिला आईनं, आजीनं दाखवलेलं असतं. परत येऊन निवडायची, पानं आणायची, पुड्या बांधायच्या. जीपनं किंवा पायी रस्त्यावर यायचं, पुड्या संपेपर्यंत पावसात बसायचं. दुपारनंतर घरी. मग सरपण, चूल, भात, पोरं, भांडी. खड्यांची रांग दारापर्यंत गेली. शेजारी पुरुषांची रांग मांडली. शेतातल्या, मजुरीच्या कामाचे खडे होते, ते आम्ही प्रामाणिकपणे मांडले. पण घरकामाच्या जागी एका बाईनं एकच खडा ठेवला आणि तोही अर्धा म्हणाली. सगळ्या हसल्या.

मग मी विचारलं, “तुम्ही किती खाल्ली अळंबी?” हसू थांबलं. चांगली होती ती विकली. मोडकीतोडकी उरली, ती पोरांच्या ताटात गेली. बाईनं भात आणि मिरची खाल्ली. आणि त्या विक्रीच्या पैशातून घरी काय आलं? तेल, मीठ, आणि पोरानं हट्ट केला म्हणून नूडल्सचं पाकीट.

मैत्रिणींनो, ‘झटपट’ हा शब्द तपासून घ्या. दोन मिनिटांच्या नूडल्स आपल्याकडं १९८०च्या दशकात आल्या. त्यांच्या जाहिरातीत मुलांना “दोन मिनिटं” म्हणणारी कोण होती? आईच. स्वयंपाकाचा वेळ कमी झाला, पण स्वयंपाक कुणाचा हा प्रश्न तसाच राहिला. केंद्र सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. जे घरकाम करतात त्यांच्यात बायांचा रोजचा वेळ भरला २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. गॅस आला, मिक्सर आला, पाकिटं आली, तरी हा फरक उरला. वेळ वाचला की त्या वेळात बाईला दुसरं काम मिळतं, एवढंच.

आणि या मोजणीत ज्ञान कुठं धरलंय? अळंबी ओळखणं हा खेळ नाही. पांढरी, सुरेख दिसणारी काही अळंबी जीव घेते, आणि शिजवल्यानं तिचं विष जातंच असं नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का बघायचं, ही परीक्षा खोटी आहे, तिच्यावर विसंबू नका. जी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे तीच खायची. ही ओळख ज्यांच्याजवळ आहे, त्यांना आपण अडाणी म्हणतो. वारुळावरची अळंबी शेतात लावता येत नाही. तिचं वाळवीशी नातं आहे, वाळवी जिथं तिचं अन्न तयार करते तिथंच ती उगवते. वारूळ खणलं, रान साफ केलं की ती गेली. म्हणून जाणत्या बाया वारूळ मोडत नाहीत.

पुढच्या महिन्यात त्याच पाड्यावर आम्ही पास्ता केला. मुद्दाम. अट एकच, बायांनी हात लावायचा नाही. आठवी-नववीची पोरं आणि दोन बापे तयार झाले. मावशी बाजूला बसून पाण्यावर लक्ष ठेवून होत्या. उकळलेलं पाणी त्यांनी टाकू दिलं नाही, त्यात मीठमिरची घालून पोरांना पेजेसारखं प्यायला दिलं. पास्ता थोडा चिकट झाला. एक आजी म्हणाली, “गांडुळं खातोय वाटतं.” पण सगळ्यांनी खाल्लं, आणि अळंबीची पहिली वाटी, गटात ठरल्याप्रमाणं, ती आणणाऱ्या बाईला दिली. ती खाताना लाजत होती. स्वतःच्या घामाची वाटी घ्यायलाही आपल्याला लाज वाटते, इतकं आपल्याला घडवलंय.

त्यानं क्रांती झाली असं मी सांगणार नाही. त्यातल्या दोनच घरांत पोरं अजून अधूनमधून चूल पेटवतात. एका घरात सासूनं मुलाला हाताला धरून उठवलं. आणि माझ्या घरचं सांगते. माझा नवरा रविवारी झकास पास्ता करतो. पण लसूण संपलाय हे कुणाच्या लक्षात राहतं? नंतर ओटा कोण पुसतं? त्याच्या स्वयंपाकाचं कौतुक चार घरांत होतं, माझ्या रोजच्या भाजीचं कुणी नाव काढत नाही. तेव्हा ‘तो मदत करतो’ या वाक्यावर मीही बरीच वर्षं समाधान मानलं. मदत नको, वाटणी हवी.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं.

एक, प्रत्येक गटानं एकदा तरी खडे मांडावेत, घरातल्या पुरुषांना समोर बसवून. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दारापर्यंत गेलेली रांग जास्त बोलते.

दोन, अळंबी असो, शेवळं असोत की कंटोळी, विकण्याआधी घरचा वाटा काढा, आणि त्यात बाईचा वाटा आधी काढा.

तीन, रान टिकलं तर अळंबी टिकेल. २००६च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो, आणि गावाला सामूहिक वनहक्कही मागता येतो. आपापल्या गावातले दावे काढून बघा, त्यांवर बाईचं नाव आहे का, आणि ग्रामसभेत तोंड उघडा.

चार, भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घरात पिकवता येते. गटांनी जरूर शिकावी. पण त्याआधी घरात ठरवून घ्या की पेंढा कोण भिजवणार, पाणी कोण मारणार, आणि त्या तासात भाकरी कोण भाजणार. नाहीतर ‘रोजगार’ या गोड नावाखाली आपल्याच रांगेत आणखी चार खडे पडतील.

वीस मिनिटांत जेवण होऊ दे, मला ते हवंच आहे. दमून आलेल्या कुठल्याही बाईला ते हवं असतं. पण त्या वीस मिनिटांमागं किती जणींचे तास आहेत, आणि त्या वीस मिनिटांत चुलीशी कोण उभं आहे, हे विचारायला विसरू नका.

आजचं दुपारचं जेवण आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी रांधलंय. चांगलं झालं असेल तर जरूर सांगा. पण टाळ्या नकोत, आपल्याला कधी कुणी वाजवल्यात? आणि भांडीही त्यांनीच घासायची आहेत. उठू नका.