भाव न लिहिलेलं मेन्यूकार्ड

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि आमच्यातल्या एकीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पॅरिसमधलं उंचावरचं हॉटेल, मोठमोठ्या काचा, खाली दिव्यांनी उजळलेलं शहर आणि ताटलीत एवढासा घास. ती म्हणाली, "ताई, एवढ्याशा घासाला एवढे पैसे? भाव बघून त्या बाईला घेरी कशी येत नाही?" मी काही पॅरिसला गेलेली नाही. पण बी.ए. झाल्यापासून वाचायची खोड काही सुटली नाही, म्हणून आज तिला उत्तर देते. कितीतरी वर्षं त्या बाईला भाव दिसतच नव्हता!

आधी हॉटेलाचं सांगते. पॅरिसला सेन नदीच्या काठी 'ला तूर दार्जां' नावाचं फार जुनं रेस्टॉरंट आहे. नावाचा अर्थ चांदीचा मनोरा. जेवायची जागा सहाव्या मजल्यावर. खिडकीशी बसलं की खाली नदी, पलीकडे नोत्र दामचं मोठं चर्च आणि शहराची छपरं. तिथं नावाजलेलं आहे ते बदक. १८९० पासून प्रत्येक बदकाला नंबर देतात आणि खाणाऱ्याच्या हातात त्या नंबरचं कार्ड ठेवतात. २००३ साली तो नंबर दहा लाखांवर पोचला. आपलं कर्जाचं रजिस्टर तरी असं लिहिलेलं असतं का, सांगा! शिजवलेल्या बदकाचा सांगाडा दाबयंत्रात पिळून रस काढायचा आणि त्याचाच रस्सा करायचा, अशी रीत. आपल्यासारखं सगळं एकदम पानात वाढत नाहीत. एक पदार्थ संपला, ताटली उचलली, मग दुसरा. दोन-तीन तास त्यातच जातात.

आता भावाचं. अशा बड्या फ्रेंच रेस्टॉरंटांत पूर्वी दोन तऱ्हेची मेन्यूकार्डं असायची. पुरुषाच्या हातात भाव लिहिलेलं, बाईच्या हातात नुसती पदार्थांची नावं. पैसे तोच देणार, मग तिला आकडे दाखवून संकोच कशाला, अशी समजूत. खरं सांगू, यात थोडी माया पण आहे. माहेरी आलेल्या लेकीला आपण तुपाचा भाव ऐकवत नाही. पण लेक चार दिवसांची पाहुणी असते. या बायकांना कायमचंच पाहुणं करून ठेवलं होतं. हॉटेलाबाहेर तरी काय वेगळं होतं? फ्रान्समध्ये १९६५ चा कायदा येईपर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडता येत नव्हतं. मताचा हक्क मिळाला १९४४ साली. हे वाचलं तेव्हा मी ती ओळ पुन्हा वाचली.

१९८० साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला एका उद्योजक बाईनं धंद्यातल्या भागीदाराला फ्रेंच रेस्टॉरंटात जेवायला नेलं. बोलावणारी ती, पैसे देणारी ती, आणि भावाचं कार्ड दिलं त्याला! तिनं दावा लावला. खटला पुढं मागं घेतला, पण त्या रेस्टॉरंटनं बायकांचं वेगळं कार्ड बंद केलं. ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०१९ साली पेरू देशात, लिमा शहरातल्या समुद्रावरच्या एका रेस्टॉरंटला याच कारणासाठी मोठा दंड झाला.

आपल्याकडे वेगळी कार्डं छापत नाहीत. पण गेल्या वर्षी महालक्ष्मी सरसचा स्टॉल उरकून आम्ही परत येत होतो. पाच बाया आणि ड्रायव्हर भाऊ. हायवेवर एका हॉटेलात बसलो. वेटरनं कार्ड थेट भाऊंपुढं ठेवलं, "साहेब, काय आणू?" विक्रीचे पैसे आमच्या खजिनदार मावशींच्या कमरेच्या पिशवीत. भाऊ बिचारे लाजले, कार्ड मावशींकडं सरकवलं. मावशी सही करायला शिकल्या त्याला जेमतेम तीन वर्षं झालीत. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं कार्ड मोठ्यानं वाचलं. "शेवभाजी एकशे साठ! आगं बया." शेजारची टेबलं वळून बघायला लागली, पण त्या थांबल्या नाहीत.

जेवण झालं. बिल परत भाऊंपुढंच आलं. मावशींनी हात लांब करून ते ओढून घेतलं, आकडे जुळवले आणि वेटरला हाक मारली.

"ए बाळा, इकडं ये. भाकरी सात खाल्ल्या आम्ही. नऊ कुठून आल्या?"