डाग ओळखा, मग हात लावा

(वेरूळ परिसरातील बचत गटाच्या महिलांनी सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)



श्रावण आला की आपल्याकडे बायकांना उसंत नसते. सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी, शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला गर्दी. आपल्यातल्या कोणी हार-बेल विकतात, कोणी चहाची टपरी सांभाळतात, कोणी खानावळीत भाकरी थापतात. त्याच दिवसांत कपाशीची खुरपणी आणि फवारणीही चालू असते. मग संध्याकाळी धुण्याच्या ढिगात काय नसतं? हळद, शेंदूर, तेल, चहा, काळी माती, सगळं एकदमच घरी येतं. आज आम्ही या डागांबद्दल बोलणार आहोत, आणि शेवटी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका डागाबद्दलही. तेवढं ऐकल्याशिवाय रेडिओ बंद करू नका.

डाग काढायला महागडी बाटलीच लागते असं नाही. थंड पाणी, साबण, मीठ, लिंबू, खाण्याचा सोडा आणि आपलं मराठवाड्याचं ऊन, एवढ्यावर बरंच काम भागतं. डाग कशाचा आहे हे मात्र आधी ओळखायला हवं. एका डागाचं औषध दुसऱ्या डागाला पक्कं करून टाकतं.

बहुतेक डागांना लागू पडतील असे चार नियम आधी सांगतो. पहिला, डाग ओला असतानाच हात घाला. दुसरा, घासू नका, टिपून घ्या. आणि बाहेरून आत टिपा, म्हणजे डाग पसरत नाही. तिसरा, डाग निघाल्याची खात्री होईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री लांब ठेवा. चौथा, काहीही लावण्याआधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर थोडंसं लावून पाहा.

हा चौथा नियम आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याने शिकवला आहे. तिथली चित्रं टिकावीत म्हणून १९२० च्या सुमारास इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर रोगण लावलं. पुढे तेच रोगण पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली. मग ते थोडं थोडं करून काढत बसावं लागलं. चांगल्या हेतूने लावलेली वस्तूही नुकसान करते. म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा.

आता एकेक डाग घेऊ.

हळदीचा डाग साबण लावला की लालभडक होतो आणि बायका घाबरतात. कपडा बिघडलेला नसतो. हळदीचा रंग साबणाने, सोड्याने लाल होतो आणि लिंबाने परत पिवळा होतो. साबणाने धुवा, खळबळून काढा आणि ओला कपडा कडक उन्हात टाका. उन्हाने हळदीचा रंग उडतो. एका दिवसात नाही गेला तर दोन-तीन वेळा असंच करा.

तेल आणि शेंदूर एकत्र असतात, आणि पाण्याने तेल निघत नाही. आधी वरचा शेंदूर चमच्याने खरवडून घ्या. मग डागावर खडूची पूड, टाल्कम पावडर किंवा मैदा टाकून अर्धा तास ठेवा. तेल पुडीत उतरतं. ती झटका, भांडी घासायचा साबण लावा, मग धुवा. शेंदरात शिसं असू शकतं, म्हणून ते हात साबणाने धुतल्याशिवाय कणकेला लावू नका आणि ती पूड लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

दुधाचा चहा सांडला तर आधी थंड पाणी. गरम पाण्याने दूध धाग्यात बसतं. थंड पाण्याने खळबळल्यावर साबण लावा आणि मगच कोमट पाणी घ्या.

काळी माती ओली असताना चोळू नका, ती धाग्यात शिरते. पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रशने झाडा आणि मग भिजवा. पाणीही कमी लागतं. टँकरच्या दिवसांत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लोखंडाच्या गंजावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा आणि नीट धुवा. गंजावर ब्लीच कधीच टाकू नका, डाग आणखी पक्का होतो. डाळिंबाचा डाग पडलेला कपडा लोखंडी घमेल्यात भिजवू नका, लोखंड लागलं की तो डाग काळा पडतो. प्लास्टिकची बादली घ्या.

बॉलपेनच्या शाईखाली जुनं फडकं ठेवा आणि वरून सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावून टिपत जा. शाई खालच्या फडक्यात उतरते. हे काम चुलीपासून आणि गॅसपासून लांब करा, स्पिरिट लगेच पेट घेतं.

बिब्ब्याच्या डागामागे मात्र वेळ घालवू नका. परीट लोक कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरत, कारण तो धुऊन जात नाही. अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून जपून.

रक्ताच्या डागाला थंड पाणी, थोडं मीठ आणि साबण. गरम पाण्याने रक्त कपड्यात शिजतं. पाळीचं कापड धुतानाही हेच. पण मैत्रिणींनो, ते कापड धुतल्यावर दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतो आपण. तिथे ते नीट वाळत नाही, आणि दमट कापड वापरलं की खाज, जंतुसंसर्ग होतो. पुसट डाग राहिला तर राहू द्या, पण कापड उन्हात वाळवा. लाज डागाची नाही, आजाराची भीती बाळगा. आपल्या मुलींना हे आपणच सांगायचं आहे.

सतरंजी, गादी आणि लाकूड

सतरंजीवर काही सांडलं तर बादलीभर पाणी ओतू नका, आतून ती कुबट होते. जाड फडकं दाबून ओल उचला, साबणाच्या पाण्याने टिपा, साध्या पाण्याने टिपा आणि उन्हात उभी करा. मेण सांडलं तर कडक होऊ द्या, खरवडा, मग वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण कागदात येतं. वर्तमानपत्र घेऊ नका, त्याची शाई उतरते. लेकराने गादी ओली केली तर टिपून घ्या, थंड पाणी आणि साबण लावा, वरून खाण्याचा सोडा भुरभुरा, वाळला की झटका.

पॉलिश केलेल्या लाकडावर गरम भांड्याचं पांढरं वर्तुळ उमटतं. ती पॉलिशमध्ये अडकलेली ओल असते. थोडं खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. घासणीने खरवडलं तर पॉलिशच जाईल.

पैठणी आणि हिमरूला घरी सोडा, ब्लीच लावू नका. ब्लीचने रेशीम विरघळतं. तेलाचा डाग असेल तर टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्या, बाकी जाणकाराकडे द्या.

हे एकत्र करू नका

डाग निघत नाही म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. एका वेळी एकच वस्तू, आणि दार उघडं.

न दिसणारा डाग

आता ते शेवटचं. फवारणी करून आलेल्या माणसाचा सदरा बघा. कधी कधी त्यावर काहीच दिसत नाही. पण विष त्यात असतं, आणि तो सदरा बादलीत घालून हाताने चोळणारी बाई असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. विष नाकातून जातं तसंच कातडीतूनही अंगात जातं. मग धुणाऱ्या हातांचं काय, हे आपल्याला कोण विचारणार? आपणच विचारायचं.

फवारणीचा कपडा त्याच दिवशी धुवा, घरच्या धुण्यात मिसळू नका. त्याची बादली वेगळी ठेवा. हातात रबरी मोजे घाला. कपडा आधी घराबाहेर भरपूर पाण्यात खळबळा, मग गरम पाणी आणि साबणाने दोन-तीन वेळा धुवा, कडक उन्हात वेगळ्या दोरीवर वाळवा. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ सांडू नका. कपड्यावर बाटलीतलं न मिसळलेलं औषध सांडलं असेल, तर कितीही चांगला कपडा असो, तो टाकून द्या. गरोदर बाई, लेकुरवाळी आणि लहान मुलं यांच्याकडे हे काम देऊ नका. औषधाचा रिकामा डबा पाण्याला, धान्याला वापरू नका.

धुताना चक्कर आली, उलटी झाली, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांना अंधुक दिसलं, तर अंगावरचे कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

येत्या बैठकीत प्रत्येकीने एक डागाळलेला जुना कपडा आणा, आपण सगळ्या मिळून करून बघू. आणि गटाच्या बचतीतून रबरी मोज्यांचे जोड घ्यायचं तिथेच ठरवू. कपाशीत फवारणी असणाऱ्या प्रत्येक घरात एक जोड जायला हवा. हळदीचा डाग दोन दिवस राहिला तरी चालेल, पण मोज्यांचं काम या हंगामातच करू.